आज नुसतं खुर्चीत बसायचं

त्याला बघून किंचाळली ती दाओन. मी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मावशी ही गोष्ट सांगते तेव्हा नेमकं उलटं सांगते.

मावशीचं मधपावांचं दुकान थोंगयंगच्या बंदराला अगदी खेटून आहे. नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. बाहेर बारीक भुरभुर चाललेली, बोटींचे दिवे ओल्या रस्त्यावर सांडलेले, आणि आत कढईतून निघालेले गरम पाव पाकात पडताना होणारा तो चर्र आवाज. शाळेतलं काम आटोपलं की मी तिथेच येऊन बसायचे. कोपऱ्यातल्या टेबलाशी दाओन बसली होती. आमच्याच शाळेत दुसरीत होती ती. तिची आजी कालवं फोडायच्या शेडमध्ये कामाला, त्यामुळे आजी सुटेपर्यंत नात मावशीकडे.

दार उघडलं. एक उंच माणूस आत आला, त्याने छत्री मिटली, केसांवरचं पाणी झटकलं आणि दाओनकडे बघून हसला.

दाओनने हातातला पाव टाकला, दोन्ही तळवे तोंडावर दाबले आणि अशी किंकाळी फोडली की मावशीच्या हातून झारा कढईत पडला. पुढच्या क्षणी पोरगी टेबलाखाली!

"मी... मी काही केलं नाही हो," तो मावशीला म्हणाला.

"काही केलं नाहीस तर ती खाली काय शोधतेय?"

"मी दातांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला. गुन्हा कबूल करावा तसा. त्याचे कान लालभडक झाले होते. पैसे देऊन, माफी मागून, वाकून नमस्कार करून तो इतक्या घाईने बाहेर पडला की पावांचा पुडा तसाच राहिला.

पुडा घेऊन मी धावले. छत्री न घेता.

"डॉक्टर! तुमचे पाव!"

तो वळला. मला भिजताना बघून त्याने आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली... अख्खी. स्वतः बाहेर.

"दातांचे डॉक्टर, आणि पाकातले पाव?" मी विचारलं.

"कुणाला सांगू नका." मग स्वतःशीच हसला. "तसंही कोण विचारणार म्हणा! गावातली मुलं मला बघून रस्ता बदलतात. परवा बाजारात एक बाळ मला बघून रडलं. त्याला अजून दातसुद्धा आले नव्हते."

मला हसू आवरेना. तोही हसला, पण त्या हसण्यात काहीतरी दुखरं होतं.

"मी मा युनसल. शाळेत समुपदेशक आहे."

"प्यो इनहो." तो रीतसर वाकला. त्याच्याबरोबर छत्रीही वाकली, आणि तिच्यावरचं सगळं पाणी माझ्या मानेवरून आत गेलं.

अशी आमची ओळख झाली.

त्याने उन्हाळ्यात गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना चालवायला घेतला होता. म्हाताऱ्याचा हात चांगला, पण घाई फार. 'दुखणार नाही' म्हणायचं, दोघांनी पोराला धरायचं आणि काम उरकायचं. गावातल्या सगळ्या मुलांना तो दवाखाना ठाऊक होता, आणि आता त्याच पांढऱ्या कोटात, त्याच दारात हा उभा होता.

पुढच्या शनिवारी मी दवाखाना बघायला गेले. दार ढकललं तर वरची घंटा किणकिणली. आत लवंगेच्या तेलाचा वास. आतल्या खोलीत ती खुर्ची, आणि डोक्यावर मोठा दिवा.

"मोठी माणसं येतात," तो म्हणाला. "मुलं मात्र दुखून दुखून गाल सुजला की येतात. मग दुखतंच. काय चुकतंय माझं?"

"तुमचं काही नाही. घंटा वाजते, वास येतो, कोट दिसतो... आणि मग दुखतं. असं थोड्या वेळा झालं की दुखायची गरजच उरत नाही, नुसत्या घंटेनेही पोटात गोळा येतो. मग कोट बघून येतो. मग कोटातला माणूस बघून. आणि मग तोच माणूस साध्या स्वेटरमध्ये पाव घ्यायला आला तरी येतो."

"म्हणजे माझा दोष नाही?"

"एवढाच की तुम्ही उंच आहात. लांबून दिसता."

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग घसा साफ केला. "मग मुलांना नीट समजावून सांगूया?"

"भीतीला समजावून सांगता येत नाही, डॉक्टर. तिला दाखवावं लागतं. घंटा वाजली, आणि दुखलं नाही. वास आला, आणि दुखलं नाही. परत परत."

"किती दिवस लागतील?"

"घाई केलीत तर कधीच व्हायचं नाही."

मग शनिवार दुपार मुलांची ठरली. मशीन बंद, कोट खुंटीवर, आणि दारावर मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहून लावली – 'आज नुसतं खुर्चीत बसायचं.' पहिल्या शनिवारी कुणी बसलंच नाही. चारपाच पोरं दारात उभी राहिली, घंटा वाजवून पळाली. इनहो मोहरी रंगाचा स्वेटर घालून जमिनीवर मांडी ठोकून बसला होता, संत्री सोलत.

"पळू देत," मी म्हणाले. "घंटा वाजली ना? आणि काही झालं नाही. आज एवढं पुरे."

"तुम्ही सगळ्यांवरच एवढ्या थोडक्यात खूश होता का?"

"सगळ्यांवर नाही."

पुढच्या वेळी पोरं आत आली. त्याच्या पुढच्या वेळी एकजण खुर्चीत बसला, आणि खुर्ची वर-खाली होते हे कळल्यावर रांग लागली. मुलांनी डॉक्टरचे दात मोजले, त्यात एक कीड लागलेला सापडला, आणि सगळी मुलं त्याला ओरडली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला त्याने... आणि मी उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले.

एक गोष्ट मला उशिरा कळली. तो संत्रं सोलायचा आणि अर्धं, न विचारता, माझ्यासमोर ठेवायचा. पहिल्यांदा मी आभार मानले. मग मानेनाशी झाले. मग बाजारात संत्र्यांचा ढीग नुसता दिसला तरी मला आतून ऊब वाटायला लागली. काय घडतंय ते मला पक्कं ठाऊक होतं, हेच तर मी कॉलेजात शिकले होते. पण ठाऊक असून ते थांबेना, आणि मला ते थांबवायचंही नव्हतं.

"हल्ली दात फार घासतेस," मावशी म्हणाली.

"हिवाळ्यात हिरड्या..."

"हो, हो. हिरड्याच लाजताहेत गालांपर्यंत."

शनिवारी तो मला टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला यायचा. एकदा वाऱ्याने दोघांची नाकं लाल झालेली असताना त्याने विचारलं, "मॅडम, तुमच्या शास्त्रात असं काही आहे का? म्हणजे, एखाद्या माणसाला भेटायच्या आधीपासूनच हात गार पडतात..."

"आहे ना."

"काय म्हणतात त्याला?"

"थंडी."

"जानेवारीत विचारायला नको होतं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही पायऱ्यांवर उभे राहून हसत सुटलो.

सगळी मुलं आत आली, दाओन तेवढी दाराबाहेरच. घंटेला हात लावायची नाही. आणि एका बुधवारी ती शाळेत आली ती गाल टम्म फुगवून.

आजीने तिला ओढतच दवाखान्यापर्यंत आणली, मी मागोमाग. हाताला समुद्राचा वास, अंगावर रबरी एप्रन तसाच. "डॉक्टर, मी धरते हिला. दिवसभर कालवं फोडते मी, माझ्या हातातून सुटायची नाही."

इनहो बाहेर आला, पायरीवर बसला, दाओनपासून लांब. "नको आजी. आज धरलं तर ही पुन्हा कधी तोंड उघडणार नाही." मग हळू आवाजात मला म्हणाला, "औषधाने सूज उतरेल. पण दुधाची दाढ आतून सडलीय. आठवडाभरात काढली नाही तर पू खाली पक्क्या दातापर्यंत जाईल. मग बुसानला मोठ्या इस्पितळात नेऊन भूल द्यावी लागेल."

आठवडाभर! जे मी महिनोन् महिने करायचं म्हणत होते ते. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं ऐकून तो थांबला होता. पोरीचं काही वाईट झालं असतं तर ते माझ्यामुळे.

मग रोज. पहिल्या दिवशी दाओन पायरीवर बसली. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून घंटेखालून गेली आणि लगेच बाहेर आली. मग खुर्चीत बसली, पण तोंड बंद ठेवून. इनहो तिच्याशी खोटं एकदाही बोलला नाही. "दुखेल का?" तिने विचारलं.

"टोचताना दुखेल. मोठी मुंगी चावल्यासारखं. मग गाल झोपी जाईल. तू हात वर केलास की मी थांबेन."

"नक्की?"

"नक्की."

शेवटच्या दिवशी तिने तोंड उघडलं. त्याने आरसा आत घातला – हात वर. तो थांबला. परत घातला – हात वर. परत थांबला. दुखत काही नव्हतं तिला; तो थांबतो का, एवढंच ती बघत होती. आजी दारात चुळबुळत होती. मी डोळ्यांनीच तिला थांबवत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने हात वर केला नाही. सुई गेली, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात खालीच राहिला... आणि थोड्या वेळाने ती एवढीशी दाढ वाटीत टण्णकन पडली.

"डॉक्टर," बधिर गालाने दाओन बोबडं बोलली, "तुमचा हात का थरथरतोय?"

"मला भीती वाटत होती," इनहो म्हणाला.

ती लगेच उतरून पळणार होती. मी म्हटलं, थांब, आधी खुर्चीची चक्कर. आठवणीत मधलं फारसं उरत नाही. सगळ्यात दुखलेलं उरतं आणि शेवट उरतो, म्हणून शेवट गोड असलेला बरा. दाओन तोंडात कापसाचा बोळा धरून वर गेली, खाली आली, वर गेली, आणि खदखदून हसायचा प्रयत्न करत राहिली. आजी आपल्या एप्रनने डोळे पुसत होती.

त्या संध्याकाळी पायऱ्यांपाशी आम्ही दोघंही गप्प होतो. इतकं छान गप्प! मग तो थांबला.

"मॅडम, उद्या वेळ आहे का? मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

माझ्या पोटात खड्डा पडला. समोरचा तोच माणूस, तोच स्वेटर, आणि मला मात्र तिथून पळून जायचं होतं. "उद्या... नाही जमणार," मी म्हणाले आणि पायऱ्या जवळजवळ धावतच चढले.

'मला तुझ्याशी जरा बोलायचंय.' बाबांनी स्वयंपाकघरात आईला हेच म्हटलं होतं, मी जेवत असताना, आणि वसंतापर्यंत त्यांचं कपाट रिकामं झालं होतं. बुसानला ज्याच्याशी माझं लग्न ठरत आलं होतं, त्यानेही कॉफी ढवळत अगदी हेच शब्द वापरले होते. त्या वाक्यामागून माझ्याकडे चांगलं कधी काही आलंच नव्हतं. हे सगळं मला कळत होतं, त्याला नाव काय तेही माहीत होतं. पण पोटाला नावं कळत नाहीत.

दवाखाना टाळून मी खालच्या रस्त्याने शाळेत जायला लागले. शनिवारी सर्दी झाली म्हणून कळवलं. पुढच्या शनिवारी नुसतंच गेले नाही.

"डॉक्टरला चांगवनला मोठ्या दवाखान्यात बोलावलंय म्हणे," मावशी पाव तळता तळता म्हणाली. "म्हाताऱ्याला जागा विकायचीय, तो निघालाय सेऊलला लेकाकडे." म्हणजे हेच सांगायचं होतं त्याला. बरं झालं ऐकलं नाही ते. असं मनाशी म्हणत मी सबंध संध्याकाळ एकच टेबल पुसत होते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. मावशीकडून पाव घेतले, मला मान लववून नमस्कार केला आणि गेला. बस्स. त्याच्या पुढच्या दिवशी दाराजवळच्या टेबलाशी बसून त्याने एक पाव खाल्ला, चहा घेतला, नमस्कार, आणि गेला. मग मधल्या टेबलाशी. काही विचारलं नाही, चिठ्ठी नाही, तक्रार नाही. तो आला की आधी माझे खांदे ताठ व्हायचे. मग होईनासे झाले. मग घड्याळाकडे लक्ष जायला लागलं... अजून कसा नाही आला?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो थेट माझ्या शेजारच्या टेबलाशी बसला, खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या टेबलाच्या कडेला ठेवलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"डॉक्टर! तुम्ही माझ्यावर प्रयोग करताय?"

त्याचा घास अडकला. "तुम्हीच शिकवलंत. नुसतं यायचं, बसायचं, आणि काही न दुखवता परत जायचं."

"आणि मी कधीच बोलले नसते तर?"

"तर मी फार जाड झालो असतो," तो म्हणाला. "मावशी पाकात हात आखडता घेत नाहीत."

आतून मावशीच्या हसण्याचा आवाज आला. मला हसू आलं आणि रडूही. मग मी त्याला सांगितलं सगळं – बाबांचं, बुसानचं, त्या वाक्याचं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "रविवारी समोरच्या बेटावर जाऊया? तिथे नव्या रानपाल्याचं माशाचं सूप सुरू झालंय. बोलायलाच पाहिजे असं काही नाही."

रविवारी वारा होता, पण ऊनही होतं. बेटावरच्या वाटेवर कॅमेलियाची लाल फुलं अख्खीच्या अख्खी गळून पडली होती. तो ती चुकवत चालत होता, आणि त्यामुळे त्याची चाल वाकडीतिकडी झाली होती. धक्क्याजवळच्या खानावळीत आम्ही खिडकीशी बसलो. वाफाळती भांडी आली. कोवळ्या पाल्याचा कडसर, हिरवा वास.

"आता विचारते मी," मी म्हणाले. "चांगवनला जाणार तुम्ही?"

"नाही." त्याने चमचा ठेवला. "जागा मी घेतोय. कर्ज काढून. त्या दिवशी तेच आधी तुम्हाला सांगायचं होतं. मला इथे राहायचंय. मुलांसाठी... म्हणजे मुलांसाठी आहेच, पण मुख्य म्हणजे..."

"मुख्य म्हणजे?"

"मुख्य म्हणजे शनिवार." त्याने श्वास घेतला. "नाही, असं नाही. नीट सांगतो. मला तुम्ही आवडता, युनसल. फार आवडता."

खिडकीबाहेर पाणी चकाकत होतं. मला बरंच काही बोलायचं होतं, पण आधी खरं सांगणं भाग होतं. त्याने दाओनला सांगितलं होतं, तसं.

"भीती पुसली जात नसते," मी म्हणाले. "तिच्यावर नवं काहीतरी शिकलं जातं, एवढंच. जुनं खाली तसंच असतं. एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, ते वर येतं. मी परत खालच्या रस्त्याने जायला लागेन. तेव्हा काय कराल?"

तो विचार करत राहिला. पटकन काहीतरी गोड बोलला असता तर मला आवडलं नसतं.

"तेव्हा वाईट वाटेल मला," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात फार वाटलं. पण मी कुठे जाणार? वीस वर्षांचं कर्ज आहे डोक्यावर."

मी इतकी हसले की खानावळीची मालकीण वळून बघायला लागली. तोही हसला, पण त्याचे डोळे माझ्यावरच होते, वाट बघत.

"सूप निवतंय," मी म्हणाले. "पी."

त्याने पुन्हा उचललेला चमचा हवेतच थांबला. "काय म्हणालात?"

"पी म्हणाले."

"'प्या' नाही?"

"नाही. तुला चालणार नसेल तर सांग, इनहो."

त्याने चमचा परत भांड्यात बुडवला. मग घाईघाईने मोठा घोट घेतला, जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तशाच भरल्या तोंडाने म्हणाला, "चालतं! तू... तू पण पी."

धक्क्यावर परतीच्या बोटीचा भोंगा वाजला. माणसं पिशव्या सावरत धावली. आम्ही दोघंही उठलो नाही.